सायकलीबरोबर हेल्मेटही द्या, पण त्याची सक्ती करू नका

प्रति,
मा. अपर मुख्य सचिव, नियोजन विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. आयुक्त, मानव विकास आयुक्तालय, छत्रपती संभाजीनगर

विषय : इयत्ता आठवी ते बारावीच्या मुलींना सायकल-अनुदानासोबत हेल्मेट देण्याबाबत

महोदय,

मानव विकास कार्यक्रमांतर्गत राज्यातील १२५ मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकल घेण्यासाठी शासन अनुदान देते आणि २०२२ साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये करण्यात आली. मी जालना जिल्ह्यातील एका ग्रामीण माध्यमिक शाळेत शिकवते. या योजनेसाठी लागणाऱ्या मुलींच्या याद्या, बँक पासबुकांच्या प्रती आणि दुकानदारांच्या पावत्या आमच्या शाळेत माझ्याच हातून पुढे जातात. एकदा अनुदान मंजूर होऊन सायकल आली की शासनाच्या दृष्टीने प्रकरण पूर्ण होते आणि पुढची चार-पाच वर्षे ती मुलगी रोज त्या सायकलीवरून रस्त्यावर उतरत असते. त्या रस्त्याबद्दल आणि तिच्या डोक्याबद्दल आपल्याशी बोलावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. वैयक्तिक अर्ज न करता ते खुले ठेवण्याचे कारण असे की हा प्रश्न आमच्या एका शाळेचा नाही, आणि ज्या पालकांना, शिक्षकांना व सायकलप्रेमींना माझे म्हणणे पटणार नाही त्यांनीही ते वाचावे असे मला वाटते.

प्रथम या योजनेविषयी मनापासून कृतज्ञता व्यक्त करते. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते आणि पुढची शाळा तीन-चार किलोमीटरवर असते, त्या जागी मुलीचे शिक्षण थांबते हे आमच्या भागाने पिढ्यानपिढ्या पाहिलेले आहे. एसटी असली तरी तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही, तांड्यावर आणि वस्तीवर ती जातच नाही आणि वयात आलेल्या मुलीला एकटीने पायी पाठवायला आईवडील तयार नसतात. सायकल आली की हे चित्र बदलते, कारण चार-पाच जणी मिळून निघतात, कोणाच्या वेळेवर अवलंबून राहत नाहीत आणि घरचेही निर्धास्त असतात. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींसाठी अशीच योजना सुरू केली होती. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेतल्या मुलींच्या योग्य वयातील पटनोंदणीत ३२ टक्क्यांची वाढ झाल्याचे, मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे आणि हा फायदा मुख्यतः शाळेपासून लांब असलेल्या गावांना मिळाल्याचे दिसले. मी पुढे जे लिहिणार आहे त्यातला एकही शब्द या सायकलीच्या विरोधात वाचला जाऊ नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आता रस्त्याकडे येते. आमच्या तालुक्यात गेल्या काही वर्षांत पुष्कळ रस्ते सिमेंटचे झाले. त्यांचा उपयोग आम्हा सगळ्यांनाच झाला आहे. परंतु सिमेंटचा थर जिथे संपतो आणि मुरमाची साइडपट्टी सुरू होते, तिथे अनेक ठिकाणी वीतभर उंचीचा फरक राहिलेला आहे. पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो आणि हा फरक आणखी वाढतो. मागून वाहनाचा हॉर्न आला की मुलगी बिचकून कडेला होते, पुढचे चाक त्या कडेवरून खाली उतरते, ती घाईने हँडल वळवून पुन्हा वर चढू पाहते, चाक कडेला घासत राहते आणि ती सिमेंटच्या बाजूला आडवी पडते. हे पडणे इतके नेहमीचे आहे की मुली त्याची तक्रारसुद्धा करत नाहीत. गुडघा आणि कोपर खरचटून आलेली मुलगी हातपाय धुऊन वर्गात बसते आणि मधल्या सुट्टीत कळते की आज अमुक मुलगी पडली. ओढणी मागच्या चाकात किंवा चेनमध्ये अडकते, ब्रेकचे रबर झिजून गुळगुळीत झालेले असतात, रंग न मारलेला गतिरोधक पहाटेच्या अंधारात दिसत नाही, वस्तीवरचे कुत्रे अंगावर धावून येते. दप्तर कॅरियरला आणि त्यावर डबल सीट मैत्रीण असेल, तर तोल सावरणे आणखी कठीण होते.

अशा पडण्यात बहुतेक वेळा डोके वाचते. ज्या एखाद्या वेळी ते वाचत नाही, तिथे गावातली मुलगी आणि शहरातली मुलगी यांच्यात फार मोठा फरक पडतो. आमची नववीतली एक विद्यार्थिनी अशीच कडेवरून घसरून पडली. कानाच्या वर थोडीशी सूज होती, रक्त फारसे आले नव्हते. ती उठली, सायकल उभी केली, बोलत-चालत घरी गेली आणि संध्याकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. कवटीच्या आत रक्तस्राव होऊ लागला तर सुरुवातीचे काही तास माणूस अगदी बरा वाटू शकतो, हे आम्हाला नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितले. आमच्या गावातून आधी ग्रामीण रुग्णालय, तिथून सीटी स्कॅनसाठी जालना आणि मेंदूची शस्त्रक्रिया करायची तर पुढे संभाजीनगर, म्हणजे तिथले घाटी हे सरकारी रुग्णालय, असा तो रस्ता आहे. ती मुलगी वाचली, मात्र तिची दहावी एक वर्ष लांबली आणि वडिलांनी ती सायकल विकून टाकली. शहरात हेल्मेट नसताना डोक्याला मार लागला तर तासाभरात तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याची निदान शक्यता असते. आमच्याकडे तो तास वाहन शोधण्यातच जातो. म्हणून हेल्मेटची गरज महागड्या सायकलीवरून रविवारी सकाळी फिरायला निघणाऱ्या हौशी सायकलपटूपेक्षा आमच्या मुलीला अधिक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्यक्षात ते घातलेले दिसते फक्त त्या हौशी सायकलपटूच्या डोक्यावर.

हेल्मेटने खरोखर किती फरक पडतो, याबद्दल जगभर बरीच वर्षे वाद चालला आहे आणि मी तो जमेल तितका वाचला आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१६ साली त्यापूर्वीचे ४० अभ्यास एकत्र करून, चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वारांच्या नोंदी तपासल्या. अपघातात सापडलेल्यांपैकी ज्यांनी हेल्मेट घातले होते त्यांच्यात डोक्याची इजा होण्याची शक्यता ५१ टक्क्यांनी आणि गंभीर इजा होण्याची शक्यता ६९ टक्क्यांनी कमी आढळली. सुरुवातीच्या काळातल्या काही अभ्यासांमध्ये याहून मोठे आकडे दिले जात असत आणि ते फुगलेले असल्याची टीकाही झाली. ती टीका जमेस धरूनसुद्धा पडल्यानंतर डोक्यावर हेल्मेट असणे हे नसण्यापेक्षा पुष्कळ बरे, याविषयी शंका घ्यायला मला जागा दिसत नाही.

त्याचबरोबर हेल्मेटची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सायकलीच्या हेल्मेटसाठी युरोपात ईएन १०७८ हे मानक आहे. त्याच्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट लोखंडी पृष्ठभागावर आपटले जाते, म्हणजे आघाताच्या क्षणी त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. सायकलवर बसलेल्या मुलीचे डोके जमिनीपासून साधारण तेवढ्याच उंचीवर असते. स्वतःच्या तोलाने सिमेंटवर पडणारी मुलगी हीच त्या चाचणीच्या नजरेसमोर आहे असे म्हटले तरी चालेल आणि आमच्या मुलींचे बहुतेक अपघात याच प्रकारचे असतात. वाळू भरून सुसाट निघालेल्या हायवा ट्रकने किंवा कारखान्याच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडून, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशा अवस्थेत चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरने धडक दिली, तर थर्माकोलसारख्या फोमचा तो दोन-अडीच सेंटिमीटरचा थर काय करणार? तिथे वेगमर्यादा, परिवहन विभागाची तपासणी, साखर कारखान्यांना दिलेल्या सूचना आणि त्यांची अंमलबजावणी याच गोष्टी तिचा जीव वाचवू शकतात. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतले सुमारे तीन टक्के सायकलस्वार होते. त्या चार-पाच हजार माणसांपैकी बहुतेकांच्या मृत्यूला दुसरे एखादे वाहन कारणीभूत असणार, हे उघड आहे.

याच मुद्द्यावर सायकल चळवळीतली काही मंडळी हेल्मेटच्या चर्चेलाच विरोध करतात. त्यांचे म्हणणे असे की धोका निर्माण करतो ट्रकवाला आणि उपदेश केला जातो सायकलवाल्याला, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. नेदरलँड्समध्ये शाळकरी मुलांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे सायकल चालवतात आणि हेल्मेट फारच थोडे घालतात, कारण तिथे सायकलींना मोटारींपासून वेगळी वाट मिळालेली आहे. या म्हणण्याचा मला आदर आहे आणि आपल्या विभागाने ते मनावर घ्यावे अशी माझीही इच्छा आहे. निदान ज्या रस्त्यांवरून शाळेच्या सायकली जातात त्यांची साइडपट्टी दरवर्षी पावसाळ्यानंतर सिमेंटच्या पातळीला आणण्याचे काम सार्वजनिक बांधकाम विभागाकडून करून घेता येईल. त्यासाठी वेगळ्या धोरणाची गरज नाही, मुरूम आणि रोलर लागतो. परंतु नेदरलँड्ससारखे रस्ते आमच्याकडे होईपर्यंत आज आठवीत असलेली मुलगी लग्न होऊन संसाराला लागलेली असेल. ती उद्या सकाळी त्याच कडेवरून जाणार आहे. रस्ता सुधारण्याची मागणी करणे आणि दरम्यान तिच्या हाती हेल्मेट देणे यांत मला कसलाही विरोध दिसत नाही, आणि ज्यांना तो दिसतो त्यांनी आमच्या मुलींच्या बाजूने एकदा विचार करावा.

कायद्याच्या दृष्टीने सायकलचे हेल्मेट आपल्याकडे जवळजवळ अस्तित्वातच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ची हेल्मेटसक्ती मोटारसायकल व स्कूटर चालवणाऱ्यांना आणि मागे बसणाऱ्यांना लागू होते. सायकल हे मोटार वाहन नसल्यामुळे ती त्यात येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये केलेल्या एका दुरुस्तीत सायकल हेल्मेटचा उल्लेख जरूर आहे, पण तो मोटारसायकलवरून नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या बाळांसाठी आहे. भारतीय मानक ब्युरो स्वतःचे मानक ठरवेपर्यंत ठरावीक अमेरिकी किंवा युरोपीय मानकाचे सायकल हेल्मेट त्यांच्यासाठी चालेल, असे तो नियम सांगतो. म्हणजे सायकल हेल्मेट कसे असावे याचा एक आधार आपल्याच नियमावलीत उपलब्ध आहे आणि तो वापरून पुढचे पाऊल टाकणे शासनाला अवघड नाही.

इथे माझ्या पत्रातला दुसरा, आणि माझ्या मते अधिक नाजूक, भाग येतो. हेल्मेट द्यावे ही विनंती मी जितक्या आग्रहाने करते, तितक्याच आग्रहाने सांगते की त्याची सक्ती करू नये. शासन निर्णयात एक ओळ वाढवणे सोपे असते. "हेल्मेट परिधान करणे बंधनकारक राहील" हे शब्द मसुद्यात कोणाच्याही हातून सहज लिहिले जातील आणि खाली येता येता त्यांचा अर्थ "हेल्मेट नसेल तर सायकल शाळेच्या फाटकातून आत येणार नाही" असा होईल. मग एखाद्या सकाळी ज्या मुलीचे हेल्मेट भावाने क्रिकेटला नेले आहे, किंवा ज्याचा पट्टा तुटला आहे, ती घरी परत जाईल. दुसऱ्या दिवशी तिची आई म्हणेल की राहू दे आता, शेतात खुरपायला चल. शाळा सुटायला आमच्याकडे कारण लागत नाही, निमित्त पुरते आणि ते निमित्त शासनाने स्वतःच्या हाताने पुरवू नये.

ही माझ्या मनातली नुसती भीती नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० च्या जुलैमध्ये सर्व सायकलस्वारांना हेल्मेटसक्ती केली. असा कायदा करणारे ते जगातले पहिले राज्य होते. हेल्मेट घालणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले हे खरे, परंतु मेलबर्नच्या रस्त्यांवर केलेल्या मोजणीत कुमारवयीन सायकलस्वारांचे प्रमाण आधीच्या तुलनेत चाळीस टक्क्यांहून अधिक घटलेले दिसले. त्या घटीची इतरही कारणे असू शकतात, असे कायद्याचे समर्थक म्हणतात आणि तो वाद अजून मिटलेला नाही. तथापि सक्ती आली तेव्हा सर्वांत मोठी घट दिसली ती शाळकरी वयाच्या मुलामुलींत, एवढे लक्षात ठेवायला हवे. मेक्सिको सिटीने २०१० मध्ये सार्वजनिक सायकलसेवा सुरू केली, तेव्हा आधीपासून असलेली हेल्मेटसक्ती काढून टाकली, कारण ती ठेवली तर सेवा चालणार नाही अशी भीती होती. तिकडच्या मुलाने सायकल सोडली तर त्याला बस किंवा वडिलांची मोटार असते. आमच्या मुलीची सायकल सुटली तर तिची शाळा सुटते. म्हणून हा प्रश्न ऑस्ट्रेलियापेक्षा इथे कितीतरी अधिक जपून हाताळावा लागेल.

सक्तीची आणखी एक बाजू आहे. शालेय विद्यार्थ्यांसाठी राज्यात राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे आणि विद्यार्थ्याच्या अपघाती मृत्यूनंतर तीतून कुटुंबाला दीड लाख रुपये मिळतात. हेल्मेट बंधनकारक झाल्यावर "मयत विद्यार्थिनीने हेल्मेट घातले नव्हते" असा शेरा मारून एखादा प्रस्ताव परत येणार नाही, याची खात्री कोण देईल? धडक देणाऱ्या वाहनाचा मालक मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे हाच मुद्दा मांडून भरपाई कमी करून मागेल, तेव्हा त्या मुलीच्या बापाची बाजू कोण मांडेल? म्हणून शासन निर्णयात हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे की हेल्मेट ही शासनाने दिलेली सुविधा आहे, ते न वापरल्यामुळे कोणत्याही विद्यार्थिनीला शाळेत प्रवेश, सायकल-अनुदान किंवा अपघातानंतरची मदत नाकारता येणार नाही. सक्ती कोणावर करायचीच असेल, तर ती आमच्यासारख्यांवर, रोज मोटारसायकलवरून शाळेत येणाऱ्या शिक्षकांवर करा. ती कायद्याने आहेच. गुरुजी बोडक्या डोक्याने गाडीवरून येतात आणि प्रार्थनेच्या वेळी मुलींना हेल्मेटचे महत्त्व सांगतात, हे कोणत्या मुलीला पटावे?

सक्ती नसेल तर मुली हेल्मेट घालतील का, असा प्रश्न आपल्या बैठकीत नक्की निघेल. आमच्या शाळेत आम्ही जालन्यातल्या हौशी सायकलपटूंकडून काही हेल्मेट मागून आणली होती आणि मुलींना घालून पाहायला दिली होती. अडचणी निघाल्या त्या मला आधी सुचल्याही नव्हत्या. आमच्या गणवेशात लाल रिबिनीने वर दुमडून बांधलेल्या दोन वेण्या असतात. हेल्मेटच्या मागच्या बाजूला डोक्याला घट्ट बसवण्याची जी पट्टी आणि चकती असते, ती नेमकी त्या रिबिनींच्या गाठींवर येते, त्यामुळे हेल्मेट मागे बसत नाही आणि पुढे कपाळावर टोपीसारखे तरंगत राहते. असे हेल्मेट पडताना सरकून जाते आणि त्याचा काही उपयोग होत नाही. वेण्या खाली मोकळ्या सोडल्या, किंवा मानेजवळ एकच वेणी घातली, की तेच हेल्मेट भुवयांच्या दोन बोटे वर व्यवस्थित बसते. त्यानंतर सायकलने येणाऱ्या मुलींसाठी आम्ही वेण्यांचा नियम सैल केला. दुसरी अडचण स्कार्फची. धूळ आणि ऊन यांपासून चेहरा वाचवायला मुली जाड स्कार्फ डोक्याभोवती गुंडाळतात. त्यावरून हेल्मेट घातले की ते सैल राहते आणि हनुवटीखालचा पट्टा लावताच येत नाही. पातळ सुती कापड असेल तर जमते. उन्हाचे म्हणाल तर मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडे सकाळची शाळा असते आणि हेल्मेटला वाऱ्यासाठी खाचा असतात. मुलींनी उकाड्याची तक्रार केली, पण माझी अपेक्षा होती तितकी नाही.

खरी अडचण लाजेची आहे. एकटी मुलगी हेल्मेट घालून निघाली तर चौकातली पोरे तिला काहीतरी नाव ठेवतात आणि ती दुसऱ्या दिवशी ते घरी ठेवून येते. एका वस्तीवरून येणाऱ्या सगळ्याच मुलींनी घातले तर कोणी काही बोलत नाही, किंवा बोलले तरी त्या ऐकून घेत नाहीत. यावरून मला असे वाटते की हेल्मेट सुटे-सुटे न देता एका गावच्या किंवा एका रस्त्याच्या सर्व सायकलवाल्या मुलींना एकाच वेळी द्यावे. जिच्या सायकलीला अनुदान मिळालेले नाही, पण जी घरच्या जुन्या सायकलीवर येते, तिलाही त्यातून वगळू नये.

घरात बापाचे मोटारसायकलचे हेल्मेट असतेच, तेच घालावे, असे काही पालक सुचवतात. ते सव्वा-दीड किलोचे, कान झाकणारे आणि हवा न खेळणारे असते. पायडल मारत, घाम गाळत जाणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीच्या मानेवर ते वजन देणे बरोबर नाही आणि मागून येणाऱ्या ट्रॅक्टरचा आवाज तिला ऐकू येणे फार महत्त्वाचे आहे. सायकलचे हेल्मेट साधारण तीनशे ग्रॅमचे असते आणि कान मोकळे ठेवते. दोन्ही वस्तूंचे काम वेगळे आहे. खरेदीच्या आदेशात नुसते "हेल्मेट" असा शब्द राहिला तर तालुक्याच्या दुकानातून कोणते हेल्मेट येईल हे सांगता येत नाही, म्हणून "सायकलचे हेल्मेट" असेच लिहिले जावे.

पैशांबाबत स्पष्ट बोलते. पाच हजारांत सध्या बरी लेडीज सायकल मिळत नाही, बहुतेक पालक वर हजार-दीड हजार घालतात. म्हणून हेल्मेटचा खर्च त्याच पाच हजारांत बसवू नये. त्यासाठी प्रत्येक मुलीमागे वेगळे हजार रुपये धरावेत. मानकाचा शिक्का असलेले साधे हेल्मेट बाजारात त्या रकमेत मिळू शकते. ही रक्कम अनुदानासारखीच थेट खात्यात द्यावी की एकत्रित खरेदी करावी, याचा निर्णय आपण घ्यावा. एकत्रित खरेदी झालीच तर सर्वांत कमी दराच्या निविदेतून आतला फोमच नसलेली प्लॅस्टिकची रंगीत टोपी मुलींच्या हाती येऊ नये, एवढी काळजी घ्यावी. त्यासाठी २०२२ च्या केंद्रीय नियमात दिलेलीच मानके खरेदीच्या अटींत लिहावीत आणि प्रत्येक खेपेतील काही नग फोडून तपासले जावेत. मापेही एकाच आकाराची घेऊन चालणार नाही. आठवीच्या आणि बारावीच्या मुलीच्या डोक्याच्या घेरात फरक असतो आणि शिंप्याची टेप घेऊन शाळेत ती मापे घेणे हे एका तासाचे काम आहे, ते आम्ही शिक्षक आनंदाने करू.

एकदा जोराचा आघात बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतला फोम दबून गेलेला असतो आणि ते पुन्हा वापरायचे नसते. गावात कोणी वस्तू अशी टाकून देत नाही, ती धाकट्या बहिणीला मिळते. म्हणून अपघातानंतर हेल्मेट बदलून देण्याची तरतूद योजनेतच असावी आणि त्यासाठी मुख्याध्यापकांचा दाखला पुरेसा मानावा, पोलिसांच्या पंचनाम्याची अट घालू नये. ज्या मुलीला नुसते खरचटले आहे तिचा बाप पोलीस ठाण्यात जाणार नाही.

राज्यभर एकदम निर्णय घेणे शक्य नसेल, तर येत्या शैक्षणिक वर्षात जालना, नंदुरबार आणि गडचिरोली या तीन जिल्ह्यांतून एकेक तालुका निवडून सुरुवात करता येईल, कारण या तिन्ही ठिकाणचे रस्ते, हवामान आणि अंतरे वेगवेगळी आहेत. वर्षअखेरीस किती मुलींनी हेल्मेट प्रत्यक्ष वापरले आणि किती जणींनी ते घरी ठेवले, हे शाळांकडून मागवावे. त्याच्याच शेजारच्या रकान्यात त्या तालुक्यातल्या सायकलने येणाऱ्या मुलींची संख्या वर्षभरात वाढली की घटली, हेही मागवावे. ती संख्या घटलेली दिसली तर हेल्मेटची योजना तिथेच थांबवून कारण शोधावे, अशी माझी विनंती आहे. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि सायकलींच्या याद्या त्यानंतर काही आठवड्यांत तालुक्याला जातात. हेल्मेटच्या मापाचा रकाना त्याच यादीत घालायचा असेल, तर सुधारित नमुना मे महिन्यात शाळांपर्यंत पोहोचावा.

आपली विश्वासू,
जालना जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेतील शिक्षिका